आमच्या पोस्टाचा उतारा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, एखाद्या जुन्या दगडी इमारतीकडे बोट करा आणि विचारा, ही कुणी बांधली? दहातले नऊ जण "शाहू महाराजांनी" म्हणतील. दहावा म्हणेल, "विचारतो आणि सांगतो." बऱ्याचदा ते खरंही असतं. आमच्या गावच्या पोस्टाच्या बाबतीत ते खरं आहे का, हे शोधायला मला सव्वा वर्ष लागलं. आधी कुणी वाट सांगितली असती तर निम्म्या हेलपाट्यांत काम झालं असतं, म्हणून हे लिहून ठेवते.

गावाचं नाव लिहीत नाही. घरमालकांनी तशी विनंती केलीय आणि ती मला पटली. कोल्हापूरच्या स्टँडवरून एस.टी.ने तासाभराचा रस्ता, सोमवारचा बाजार, एवढं पुरे.

सुरुवात झाली २६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत. पोस्ट त्या जागेतून हलणार, मालकांना जागा परत हवी, हे तोवर गावभर झालं होतं. कुणीतरी उठून म्हणालं, पोस्ट जाईना का, इमारतीवर फलक तरी लावूया. मग मजकूर कोण लिहिणार? माझे वडील, आप्पा, याच पोस्टात एकतीस वर्षं पोस्टमन होते आणि मी कोल्हापुरात हायस्कूलला गणित शिकवते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सरपंच म्हणाले, "ताई, दोन पानं तर लिहायची. पंधरा दिवसांत होतंय की." मलाही तसंच वाटलं होतं.

इमारत अशी: काळ्या दगडाचं पुरुषभर जोतं, पुढं पडवी, सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. पडवीतच जाळी ठोकून काउंटर केलेला, त्याला हात जाईल एवढी अर्धगोल खिडकी. बाहेर भिंतीत लाल पेटी. दुपारी चारला ती उघडायची, टपालाची थैली लाखेनं सील व्हायची आणि एस.टी.त चढायची. आत, काउंटरच्या बरोबर वर, तुळईत मनगटाएवढा जाड लोखंडी आकडा आहे. आम्ही पोरं त्याला लोंबकळायचो. आणि त्याच तुळईवर कोरलंय: शके १८३३. शकात ७८ मिळवा, १९११ येतं. शाहू महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२. बसलं गणित! गावाचंही तिथंच बसलं होतं.

फेब्रुवारीत मी फक्त लोकांशी बोलले. वही घेऊन पारावर बसले की माणसं आपसूक जमतात. तीन गोष्टी हाती आल्या. एक, महाराजांनी बांधलं. दोन, इंग्रजांनी बांधलं, महाराजांनी जागा दिली. तीन, पोस्टाच्या आधी तिथं शाळा भरायची. तिसरी गोष्ट सांगणारे मोजून दोन म्हातारे होते आणि दोघांनीही ती त्यांच्या आज्याकडून ऐकली होती. मी ती वहीच्या कडेला लिहून सोडून दिली. ही पहिली चूक. जी गोष्ट कमी लोक सांगतात आणि जिच्यात कुणाचा मोठेपणा नाही, ती खोटी असायचं कारण कमी असतं, हे मला नंतर सुचलं.

मालकांच्या घरच्या काकी ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना भेटायला गेले तर म्हणाल्या, "अगं, पोष्ट कसलं? ते आमचं गुळाचं दुकान हाय." म्हटलं, काकी, दुकान कधी होतं? "मी लग्न होऊन आले तवा पोष्टच होतं. पर घरात समदी दुकानच म्हनायची." कागद काही आहे का विचारलं तर हातानेच नाही म्हणाल्या. त्या वेळी मी फार खोदलं नाही. अनोळखी नसले तरी लोकांच्या घरच्या ट्रंका उघडायला सांगायचा हक्क लगेच मिळत नाही.

मग कागदाला हात घातला. सगळ्यात सोपी जागा ग्रामपंचायत. नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा असतो. मालकाच्या रकान्यात काकींच्या सासऱ्यांचं नाव, भोगवट्यात पोस्ट खातं. अर्ध्या तासात एवढं कळलं की इमारत सरकारी नाही, कधी नसावी. देशातली बहुतेक पोस्टं खात्याच्या स्वतःच्या इमारतीत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आपल्याला पोस्ट म्हणजे सरकारी आणि सरकारी म्हणजे सरकारनं बांधलेलं, असंच वाटतं. जुनी रजिस्टरं मागितली तर ग्रामसेवकांनी कपाट उघडून दाखवलं. वरच्या दोन खणांत वाळवीनं कागदाची माती केली होती. त्यांचा दोष नाही, ते येऊन दीड वर्ष झालं होतं.

मार्चमध्ये माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला आणि तिथंही आपटले. राज्य सरकारच्या कार्यालयाला अर्ज करताना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, तसा मी पोस्टाच्या विभागीय कार्यालयाला केलेल्या अर्जावर चिकटवला. पोस्ट केंद्राचं. तिथं तो चालत नाही. अर्ज परत. केंद्राच्या कार्यालयासाठी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर चालते, ती 'अकाउंट्स ऑफिसर' यांच्या नावे भरायची. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे, पण मी मुद्दाम आमच्याच पोस्टात गेले. त्या अर्धगोल खिडकीतून अकरा रुपये आत सरकवले, दहाची ऑर्डर आणि एक रुपया कमिशन. खिडकीपलीकडचे मास्तर बीडकडचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. कशासाठी विचारल्यावर सांगितलं, तुमच्याच ऑफिसची माहिती मागवायला. ते हसले. "मॅडम, आम्हाला पण सांगा मग."

दुसरा अर्ज २१ मार्चला रजिस्टरनं गेला. (ते रजिस्टरही आता राहिलं नाही, २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामावून टाकलं.) तीस दिवसांच्या मुदतीत, २९ व्या दिवशी उत्तर आलं. मी विचारलं होतं: पोस्ट कधी सुरू झालं, या इमारतीत कधी आलं, इमारतीचा इतिहास काय. पहिल्या दोन्हींना 'माहिती उपलब्ध नाही', तिसऱ्याला 'हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही'. आधी राग आला. मग कायदा वाचला आणि त्यांचं बरोबर आहे हे कळलं. ते त्यांच्याकडे असलेला कागद देणं लागतात, आपल्यासाठी इतिहास लिहून देणं लागत नाहीत. म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत, कागद मागायचे. पुन्हा अकरा रुपये. या वेळी लिहिलं: अमुक उपडाकघराच्या जागेचे उपलब्ध असलेले सर्व भाडेकरार, भाडेवाढीचा पत्रव्यवहार, तपासणी अहवालातली इमारतीसंबंधीची पानं, आणि हे अभिलेख पाहण्याची परवानगी. पाहायला पहिला तास फुकट असतो, पुढं तासाला पाच रुपये. प्रती पानाला दोन रुपये.

यातून चौदा पानं मिळाली, अठ्ठावीस रुपयांची. सगळ्यात जुना करार १९८८ चा. त्याआधीचं मुदत संपल्यावर नियमानं नष्ट केलेलं. त्या करारात पोस्टानं मालकांना महिन्याला २१० रुपये द्यायचे होते. आप्पांना दाखवलं तर म्हणाले, "म्हणून कौलं कधी शाकारली न्हाईत." पावसाळ्यात पत्रांवर ताडपत्री टाकून बटवडा करायचे ते, त्याचं कारण त्यांना पस्तीस वर्षांनी लेखी मिळालं.

दरम्यान भूमी अभिलेख. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, ऑनलाइन मिळते, पण तिच्यावर समाधान मानू नका. गावठाणाचं भूमापन झालं तेव्हा घरोघर चौकशी करून जी नोंदवही केली, ती चौकशी नोंदवही मागा. मिळकत कुणाची आणि त्याच्याकडे कशी आली, हे तिच्यात असतं. मी एप्रिलमध्ये अर्ज टाकला आणि लोकसभा निवडणूक आली. कोल्हापूरचं मतदान ७ मे रोजी होतं. अर्धं ऑफिस निवडणुकीच्या कामाला आणि मीही. माझी ड्यूटी शिरोळ तालुक्यात एका बूथवर. तिथं मतांच्या हिशेबात शून्य फरक आला म्हणून आम्ही सगळ्यांनी चहा पाजला एकमेकांना, पण माझा अर्ज तसाच पडून. नक्कल हातात पडली ऑगस्टमध्ये. 'मिळकत कशी प्राप्त झाली' याच्यापुढं एकच शब्द: वडिलोपार्जित.

चार महिने थांबून एक शब्द.

आता उलटं जाते, मे महिन्यात. सुट्टी लागली तशी मी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जायला सुरुवात केली. संस्थानकाळाची कागदपत्रं तिथं आहेत. जाताना आधारकार्ड, त्याची झेरॉक्स, कशासाठी बघायचंय याचा अर्ज एवढं न्या. पेन नाही, पेन्सिल न्या. आणि सोमवार ते शुक्रवारच जमवा, राज्य सरकारची कार्यालयं शनिवारी बंद. मला हे शाळा सुरू झाल्यावर फार नडलं, कारण माझी सुट्टी रविवारची.

मी यादीत 'टपाल' शोधत बसले. तीन दिवस, तीन फेऱ्या. सापडलं ते जुजबी, आमच्या गावाचं काहीच नाही. चौथ्या दिवशी तिथं रोज येणारे एक निवृत्त सर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय शोधताय तुम्ही?" सांगितलं. ते म्हणाले, "टपाल इथं कसं सापडेल? टपाल संस्थानाचं नव्हतंच."

हे कुणी मला जानेवारीत सांगायला हवं होतं. कोल्हापूर संस्थान, पण संस्थानातलं टपाल इंग्रज सरकारच्या खात्याचं. ग्वाल्हेर, पतियाळा अशा काही संस्थानांच्या नावाची टपाल तिकिटं निघाली, कोल्हापूरच्या नावाचं टपाल तिकीट नाही. संस्थानाचे होते ते कोर्ट फीचे स्टॅम्प. म्हणजे करवीर दरबाराच्या दप्तरात गावच्या पोस्टाचा जन्म शोधणं म्हणजे शेजारणीच्या पोराचा दाखला आपल्या ट्रंकेत शोधणं. याची दुसरी बाजू आप्पांनी सांगितली तेव्हा मला मजा वाटली. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण पोस्टाला विलीन व्हायचं कारणच नव्हतं. ते आधीपासून दिल्लीचं.

त्या सरांनी मला जुन्या कागदांतल्या मोडी लिपीची अक्षरओळखही करून दिली. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, लेखणी शक्यतो न उचलता. मला अजून वाचता येत नाही, पण 'शाळा' आणि 'पोष्ट' हे दोन शब्द दिसले की ओळखता येतात. तेवढ्यानं माझं पुढचं काम झालं, म्हणून म्हणते, मोडी येत नाही म्हणून घाबरू नका. आपल्याला हवे ते चार-पाच शब्द शिका, गाव, शाळा, भाडं, चावडी. पान शोधण्यापुरतं तेवढं चालतं, वाचून द्यायला जाणता माणूस गाठा.

ग्रंथालयांतही फिरले. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तिथं जुनं खूप आहे. विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड १८८६ चा, जिल्ह्याचं गॅझेटियर १९६० चं. ही दोन्ही आता घरी बसून इंटरनेटवर वाचता येतात, त्यासाठी रजा टाकू नका. मी टाकली. आमच्या गावाबद्दल दोन ओळी, बाजाराचा वार आणि लोकसंख्या.

जून संपता संपता मी हे सोडून द्यायच्या बेताला आले होते. त्यात १८ जूनला नवा पोस्ट कायदा लागू झाला, १८९८ चा जुना गेला. ती बातमी वाचून आप्पा दिवसभर गप्प होते आणि मला उगाच वाटलं, आपण उशीर केला. जुलैत पंचगंगेनं धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली, आमच्या गावचा रस्ता दोनदा बंद झाला. शाळा बंद, ऑफिसं बंद. फलकाचं कुणी विचारतही नव्हतं.

वाट सापडली ती भलतीकडूनच. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं कोल्हापुरातले एक तिकीट-संग्राहक भेटले. ते तिकिटांपेक्षा शिक्के जमवतात, गावागावांचे. तिकिटं जमवणारे खूप, शिक्के जमवणारे थोडे, आणि आपल्या कामाचे ते हेच. त्यांनी वह्या चाळून एक पोस्टकार्ड काढलं. आमच्या गावाचा गोल शिक्का, इंग्रजीत, स्पेलिंग असं की मी मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं. महिना ऑगस्ट दिसत होता, साल पुसलेलं.

"साल काढता येतं," ते म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं. कार्डावर पंचम जॉर्जचा छाप, किंमत पाव आणा. पंचम जॉर्ज गादीवर आला १९१० मध्ये. पाव आण्याचं कार्ड १८७९ पासून चालत होतं ते १९२२ मध्ये अर्ध्या आण्याचं झालं. म्हणजे कार्ड या बारा वर्षांतलं. गणिताच्या बाईला असा पुरावा आवडणारच! पण खरा ऐवज मागच्या बाजूला होता. मजकूर बाळबोध लिपीत, म्हणजे देवनागरीत, नवशिक्या हाताचा. मुंबईत गिरणीत असलेल्या मुलानं घरी लिहिलेलं: मनीऑर्डर केली आहे, ती शाळेत जाऊन मास्तरांकडून घ्यावी, अशा अर्थाचं.

शाळेत का? मास्तर मनीऑर्डर का देईल?

रात्री आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "मग काय! आधी ब्रँच पोस्टाचा मास्तर म्हंजे शाळेचाच मास्तर असायचा. शाळेतच एका कोपऱ्यात टेबल." सहा महिने मी ज्या माणसाच्या शेजारी बसून जेवत होते, त्याला मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. मी आप्पांना पोस्टातल्या आठवणी विचारल्या होत्या, पोस्टाची पद्धत विचारली नव्हती.

म्हणजे ते दोन म्हातारे बरोबर होते, फक्त गोष्ट उलटी झाली होती. पोस्टात शाळा नव्हती भरत, शाळेत पोस्ट भरत होतं.

आता यादीत 'टपाल' नाही, 'शिक्षण' बघायचं. गणपती, सहामाही परीक्षा यात सप्टेंबर-ऑक्टोबर गेले. दिवाळीच्या सुट्टीत सलग चार दिवस गेले, सरही आले. शिक्षण खात्याकडचे आमच्या भागातले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी, एकेक सोडून बघायची. धुळीनं पहिले दोन दिवस शिंका, तिसऱ्या दिवशी मास्क नेला. (तुम्ही पहिल्या दिवशीच न्या.) चौथ्या दिवशी दुपारी मला 'पोष्ट' दिसलं. मी बोट ठेवलं आणि सरांनी वाचायला सुरुवात केली.

एका शाळामास्तराचा अर्ज. सांगणं असं की मुलं फार वाढली आहेत, एक खोली आणि पडवी एवढीच जागा, त्यात पोष्टाचं टेबल, पेटी आणि टपालासाठी येणारी माणसं, शिकवणं होत नाही. एक तर शाळेला जागा वाढवून मिळावी, नाही तर पोष्ट दुसरीकडे न्यायला सांगावं. कागदावर फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, १३२८, महिना माघ. मी घाईघाईनं वहीत १९१८ लिहिलं. सरांनी खोडलं. आपल्याकडचा फसली सन जूनमध्ये, मृगाला बदलतो. जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९० मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ५९१. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, तेव्हा १९१९. शंभर वर्षं जुन्या कागदात एका वर्षानं काय होतं, असं वाटेल. या ठिकाणी फार होत होतं.

मुलं अचानक का वाढली? हे कुणाला शोधायला लागू नये. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत घातलं नाही तर पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या रुपयाच्या धाकानं आमच्या गावची पोरं शाळेत आली आणि पोरांना बसायला जागा हवी म्हणून पोस्ट बाहेर पडलं.

मी तिथंच सरांना म्हटलं, "म्हणजे महाराजांनी पोस्ट बांधलं नाही, हाकललं!" सर मोठ्यानं हसले आणि मग इकडंतिकडं बघून गप्प झाले, कारण आजूबाजूला माणसं वाचत होती. सरांना मानधन विचारलं तर घेतलं नाही. आमच्या गावचा गूळ नेऊन दिला, तो घेतला.

अर्ज मिळाला, पण त्यावर काय झालं तो कागद नाही मिळाला. पोस्ट काकींच्या घरी कधी आलं हे लटकलेलंच. डिसेंबरात काकींकडे पुन्हा गेले. या वेळी कागद मागितले नाहीत, त्यांना अर्जाची गोष्ट सांगितली. पोरं, टेबल, पेटी, मास्तर. काकींनी सगळं ऐकलं आणि नातवाला हाक मारली, "माळ्यावरचं बोचकं काढ रं." लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वह्या, अकरा. कीर्द आणि खतावण्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या. गुळाच्या अडतीच्या.

त्या मोडीतच होत्या. काकी वह्या घराबाहेर द्यायला तयार नव्हत्या आणि ते योग्यच होतं. सरांना रविवारी गावी आणलं. सोप्यात घोंगडं अंथरून बसलो. माझं अर्धं तिकीट, सरांचं फुकट, त्यांचं वय पंचाहत्तरच्या वर. वह्यांचे फोटो कसे काढायचे ते सांगते: दारात, सावलीत, फ्लॅश न लावता, आणि पानाच्या कडेला पट्टी ठेवून. पान दोन्ही हातांनी उलटायचं, बोट ओलं करायचं नाही.

पाचव्या वहीत, शके १८४१ च्या ज्येष्ठात, जमेला: पोष्टाचे भाडे, रुपये ४. जून १९१९. त्याच्या आधीच्या वह्यांत भाडं नाही आणि पुढच्या प्रत्येक महिन्यात आहे. माघात अर्ज, ज्येष्ठात भाडं. मधे चार-पाच महिने. तो 'एका वर्षाचा फरक' मी तसाच ठेवला असता तर अर्ज आणि भाडं यांच्यात दीड वर्षाचं भगदाड पडलं असतं आणि मी त्यात काहीतरी भलतंच भरलं असतं.

आणि तो आकडा! तुळईतला. वहीत आठ वर्षं आधी, दुकान बांधलं त्या साली, खर्चाला काट्यासाठी लोखंडी आकडा लोहाराकडून केल्याची नोंद आहे. गुळाच्या ढेपा तोलायचा काटा त्याला टांगायचा. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "आम्ही पार्सलचा काटा त्यालाच अडकवायचो. खात्याचाच हाय म्हणून समजत होतो." ती जागा तोलायचंच काम करत राहिली, गूळ गेला आणि पार्सलं आली. काकी तेवढ्यात म्हणाल्या, "मी म्हनलं न्हवतं, दुकान हाय म्हनून?"

खर्चाचं विचाराल तर सगळा मिळून चार हजार तीनशेच्या आसपास. त्यात निम्म्याहून जास्त एस.टी. आणि रिक्षा, तेही बायकांना एस.टी.त निम्मं तिकीट असताना. नकला, झेरॉक्स, पोस्टल ऑर्डरी मिळून सहाशेसुद्धा नाहीत. सहा किरकोळ रजा गेल्या, त्यांचा हिशेब घरच्यांनी अजून चालू ठेवलाय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पोस्ट नव्या जागेत गेलं, बाजारपेठेत, शटरच्या गाळ्यात. लाल पेटी भिंतीतून काढताना मागची वीट निघाली आणि मागं कोनाडा दिसला, दुकानातल्या दिव्याचा असणार. मालकांनी तो तसाच ठेवलाय.

फलकाचं सांगायचं राहिलं. मी मजकूर दिला चार ओळींचा: इमारत १९११ सालची, खासगी गूळ-अडतीची, जून १९१९ पासून पोस्ट. ग्रामसभेत गोंधळ. महाराजांचं नाव कसं नाही? मी मास्तराच्या अर्जाची गोष्ट सांगितली. निम्म्या लोकांना आवडली, निम्म्यांचं म्हणणं, एवढं लांबण कोण वाचणार, 'शाहूकालीन इमारत' लिहा, चुकीचं तर नाही ना? चुकीचं नाही. पण त्या एका शब्दात सगळे आपल्याला हवं ते वाचतात. दोन तासांनी ठरलं की 'शाहूकालीन' राहील आणि खाली सक्तीच्या शिक्षणाची एक ओळही राहील. १ मे २०२५ ला फलक लागला. रंगाऱ्यानं 'अडत'चं 'आडत' केलंय.

हा लेख टाकण्याआधी आप्पांना वाचायला दिला. चष्मा लावून, बटवड्याची वही तपासावी तसं बोट फिरवत त्यांनी वाचला. एकाच ठिकाणी बोट थांबलं.

"पेटी चारला न्हवती उघडत. पावणेचारला. चारला एस.टी. सुटायची."

वर तसंच ठेवलंय. तुम्ही पावणेचार वाचा.